लेखावरचा शेवटचा हात

भाईंदर पूर्वेच्या ज्या भागात आम्ही दोघे राहतो त्याचे नाव कोणी 'इंद्रलोक' लिहितो, कोणी 'इन्द्रलोक'. गावाचे नाव कोणी 'भाईंदर', कोणी 'भायंदर'. वाचणाऱ्याचे यात काही अडत नाही. मोठी शोधयंत्रेही असे काही भेद आता समजून घेतात. परंतु साध्या संकेतस्थळावरचा शोध पुष्कळदा अक्षरास अक्षर जुळले तरच दाद देतो. महाजालावर मराठी मजकूर टाकण्यापूर्वी त्याच्यावर कोणते संस्कार व्हावेत, या प्रश्नाकडे आम्ही प्रथम वळलो ते अशा किरकोळ निमित्ताने. त्याचे गांभीर्य मात्र पुढे एका चुकीने शिकविले, आणि ती चूक आमचीच होती.

आमच्या एका निवृत्त ज्येष्ठ सहकाऱ्यांचे काही लेख जुन्या टंकात अडकून पडले होते. युनिकोडपूर्व काळातील असे बहुतेक टंक रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृत्या बसवीत. टंक नसलेल्या यंत्रावर तो मजकूर म्हणजे निव्वळ चिन्हांचा कचरा. आम्ही परिवर्तकाच्या साहाय्याने ते लेख युनिकोडमध्ये आणले आणि उत्साहाच्या भरात, पुन्हा न वाचताच, प्रसिद्ध केले. दुसऱ्या दिवशी सरांचा दूरध्वनी आला. "अहो, माझ्या लेखातल्या लग्नघरी आचार्य कधीपासून स्वयंपाक करू लागले?" 'आचाऱ्यांनी'चे 'आचार्यांनी' झाले होते. आम्ही हसलो, सरही हसले.

पुढचे मात्र हसण्यासारखे नव्हते. परिवर्तनात अवतरणचिन्हे गळून पडली होती. सरांनी खोडून काढण्यासाठी उद्धृत केलेले एक मत त्यांचेच मत म्हणून उभे राहिले होते, आणि एका विद्यार्थिनीने आपल्या प्रकल्पात ते त्यांच्या नावावर नोंदविलेही होते. आम्ही मजकूर दुरुस्त केला. पण तो प्रकल्प तोवर सादर झालेला होता.

'सत्यकथा' १९८२ साली बंद झाले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाविषयी आपण वर्गात आदराने बोलतो. त्या काळी लेखकाचे हस्तलिखित आणि वाचक यांच्यामध्ये संपादक, जुळारी आणि मुद्रितशोधक अशी माणसे उभी असत. आज मध्ये उरली आहे ती एक कळ. माणसे गेली म्हणून त्यांचे काम संपले, असा समज आपण करून घेतला आहे. वास्तविक ते सगळे काम लेखकाच्या एकट्याच्या अंगावर आले आहे, आणि त्यात यंत्राच्या नव्या मागण्यांची भर पडली आहे.

उदाहरणार्थ, 'दऱ्या' या शब्दातील जोडाक्षर नुक्ता असलेल्या 'ऱ'पासून सिद्ध होते, तसेच साध्या 'र'ला अदृश्य जोडचिन्ह देऊनही होते. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द. एका लेखात एकच पद्धत कटाक्षाने पाळावी, हे शुद्धलेखनाइतकेच आवश्यक झाले आहे. कवितेचे पान चित्ररूपाने टाकणे सोपे खरे. पण ते शोधात सहसा सापडत नाही आणि अंध वाचकाच्या वाचन-प्रणालीला बहुधा मुके राहते.

शोधात वर येण्यासाठी काही जण ठरावीक शब्द परिच्छेदागणिक पेरण्याचा सल्ला देतात. तो आम्हांला मान्य नाही. वाक्याची लय मोडून मिळविलेला वाचक दुसऱ्यांदा येत नाही. मात्र बालकवींवरील लेखाला नुसते 'ओलावा' असे शीर्षक देऊन कवीचे नाव कोठेच ठळक न करणे, हाही आम्हांला अहंकारच वाटतो. उपशीर्षकात कवीचे नाव देणे हे यंत्राचे लांगूलचालन नव्हे; परीक्षेच्या आदल्या रात्री संदर्भ शोधणाऱ्या विद्यार्थ्याविषयीचे ते सौजन्य आहे. १९६२च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीचा उतारा उद्धृत करताना त्यातील जुने अनुस्वार जसेच्या तसे राखावेत. प्रचलित रूप आपल्या प्रास्ताविकात द्यावे. त्याने मूळ पाठाशी इमान राहते आणि शोधणाऱ्याची वाटही अडत नाही.

इतक्या सोपस्कारांत लेखनाचा ताजेपणा मरतो, असा आक्षेप घेतला जातो. दैनंदिन टिपणाबाबत तो काहीसा खराही असेल. समीक्षेचा ताजेपणा मात्र विचारात असतो, घाईत नसतो. त्या प्रसंगापासून आम्ही एक शिस्त लावून घेतली आहे. लेख एक रात्र ठेवायचा. सकाळी एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मुळाशी ताडून पाहायचा. अवतरणे, सनावळ्या आणि विशेषनामे शेवटी स्वतंत्रपणे तपासायची. यात तास-दीड तास जातो.

छापील अंकातील चूक त्या अंकापुरती राहत असे आणि पुढील अंकात शुद्धिपत्र येई. महाजालावरील चूक नकलांच्या रूपाने पसरते. मूळ पान सुधारले तरी नकला सुधारत नाहीत. आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती मराठीचा जो पाठ पडतो, त्यातील पुष्कळसा आता याच वाटेने येतो. शोधनिबंधातील एक चुकीची तळटीप आपण लाल शाईने अधोरेखित करतो; तीच शाई आधी आपल्या लेखावर चालवावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.