हिरवा दिवा हे अभयपत्र नव्हे!

मुंबईच्या कोणत्याही चौकात दोन वाहनांची टक्कर झाली की फुटलेल्या काचा गोळा होण्यापूर्वीच एक वाक्य ऐकू येते. ‘सिग्नल माझा होता!’ पुष्कळदा ते दोन्ही बाजूंनी ऐकू येते, आणि मग बघ्यांच्या घोळक्यात न्यायदानाचे काम सुरू होते. दोष कोणाचा, हा प्रश्न क्षुल्लक आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तो अपघातानंतरचा प्रश्न आहे. अपघातापूर्वीचा प्रश्न वेगळाच असतो, आणि तो विचारण्याची सवय या शहराने अद्याप लावून घेतलेली नाही. चौकात शिरताना सावध कोण होते?

गैरसमज नको म्हणून आरंभीच स्पष्ट सांगतो. लाल दिवा दिसत असता गाडी पुढे दामटणाऱ्याविषयी आमच्या मनात तिळमात्र दयामाया नाही. वाहतुकीच्या चिन्हांचे पालन हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११९ व्या कलमाने घातलेले बंधन आहे. २०१९ च्या दुरुस्तीने लाल दिवा ओलांडणे ही ‘धोकादायक वाहन चालविणे’ या सदरातच घातली, आणि दंडाच्या वाढीव रकमा महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून लागू झाल्या. निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव घेणाऱ्यास जुन्या दंडविधानात फार तर दोन वर्षांची कैद होती. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ही मर्यादा पाच वर्षांवर गेली आहे. हे सर्व योग्यच झाले. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा आमचा मुळीच विचार नाही.

परंतु हिरवा दिवा मिळालेला वाहनचालक हा केवळ तेवढ्याने संन्यासी ठरतो काय? कायद्याचे उत्तर नकारार्थी आहे. चौकाजवळ येताच वेग कमी करावा, आणि तेथील माणसांना धोका न पोहोचवता आपण आत जाऊ शकतो याची खात्री झाल्याखेरीज चौकात शिरू नये, असे १९८९ च्या रस्ता-नियमांतील आठवा नियम सांगत असे. सिग्नल असेल तर ही खात्री करून घेण्याचे कारण नाही, अशी सवलत त्यात कोठेही नव्हती. २०१७ साली त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. चौकातील सावधगिरीचे बंधन मात्र उठलेले नाही.

ज्या इंग्लंडकडून आपण अपकृत्याचा कायदा घेतला, तेथील न्यायालयांनीही या प्रश्नाचा कीस काढला आहे. हिरव्या दिव्यावर जाणाऱ्याने दुसरा कोणी लाल दिवा मोडून येईल असे गृहीत धरून चालण्याचे कारण नाही, असे तेथील अपील न्यायालयाने १९३८ साली ठरविले. मात्र तसा कोणी येताना दिसला तर टक्कर टाळण्याचे सर्व वाजवी उपाय त्याने केलेच पाहिजेत, अशी पुस्तीही जोडली. पुढे १९७१ साली त्याच न्यायालयापुढे असे प्रकरण आले, की आपल्या दिव्यावर चौकात शिरलेला सायकलस्वार अजून मध्यावरच असताना दिवा बदलला आणि दुसऱ्या बाजूने हिरव्यावर आलेल्या मोटारीने त्याला उडविले. न्यायालयाने संपूर्ण दोष मोटारचालकाच्या पदरात घातला. हिरवा दिवा म्हणजे चौक मोकळा असेल तर पुढे जाण्याची मुभा. चौकात आधीच असलेल्या माणसाच्या अंगावर जाण्याचा परवाना नव्हे.

आपल्याकडेही दोषाची विभागणी होतेच. मुंबईत बसची धडक बसून मृत्यू पावलेल्या एका सायकलस्वाराच्या प्रकरणात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘अंशदायी निष्काळजीपणा’ या तत्त्वाचा ऊहापोह केला. दुसऱ्याची चूक मोठी असली तरी आपल्या गाफीलपणाने अपघातास हातभार लागला असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, असे ते तत्त्व आहे. न्यायाधिकरण पुराव्याच्या तराजूत दोष तोलून शेकडेवारी ठरविते. पण कापलेला पाय शेकडेवारीने परत येत नाही. शंभर टक्के निर्दोष ठरलेल्या मृताच्या घरीही सुतक पडतेच.

आमच्या वाचकांनी नित्याच्या रस्त्यांकडे या दृष्टीने एकवार पाहावे. लालबागला २०११ साली उड्डाणपूल झाला, आणि त्याखालच्या रस्त्यावर खांबांची रांग उभी राहिली. त्या खांबांआडून पाऊल टाकणारा पादचारी हिरव्या दिव्याच्या नादात असलेल्या चालकास दिसणार कसा? परळला केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत. तेथे दिवसरात्र येणाऱ्या रुग्णवाहिकेसाठी हिरव्या दिव्यावरही थांबावे लागते, आणि हातात रुग्णाचे कागद घेऊन भांबावलेल्या परगावच्या नातलगाला आपला दिवा कोणता हेच उमगत नाही. दादरला पहाटे फुलांचे भारे डोक्यावर घेऊन माणसे रस्ता ओलांडतात. गिरगावात ठाकूरद्वारच्या चौकातून जाणाऱ्या वृद्धांची पावले दिव्याच्या घड्याळाबरोबर पडत नाहीत. ३१ मार्च १९६४ पर्यंत बोरीबंदर ते दादर ट्राम धावत होती. तिची संथ गती माणसांच्या चुका पोटात घालीत असे. आजची वाहने तितकी क्षमाशील नाहीत.

हिशेब शाळकरी मुलालाही जमण्याजोगा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात एका बसच्या लांबीहून अधिक अंतर कापले जाते. गाडी थांबण्याचे अंतर पुढे वेगळेच. हाच वेग ३० वर आणला तर ते १४ मीटर ८ वर येतात. वेग निम्मा केला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौथाईवर येते. हिरव्या दिव्यावरही चौकापूर्वी वेग उतरवून उजवीडावीकडे नजर टाकणाऱ्याचे दोनतीन सेकंद जातात, आणि कोणाचे तरी आयुष्य वाचू शकते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ‘नियम मोडणार दुसरा, आणि सावध राहायचे आम्ही; हा कोठला न्याय?’ हा न्याय नाहीच. पण चौक हे न्यायालय नव्हे. तेथे हक्क सिद्ध करायला वेळ नसतो, आणि हक्काच्या हट्टापायी जो जातो त्यात मागच्या आसनावरची पत्नी आणि पुढे बसलेले मूलही असते. भारतात २०२२ या एका वर्षात ४,६१,३१२ रस्ते अपघात होऊन १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील किती जणांचा काहीच दोष नव्हता, हे मोजून त्यांपैकी एकही परत येणार नाही.

सावध चालकाला आणखी एक त्रास असतो. तो क्षणभर रेंगाळला की मागून भोंग्यांचा भडिमार होतो. या उतावळेपणावर मुंबई पोलिसांनी हिंदमातासारख्या काही चौकांत आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचा अवधी पुन्हा प्रथमपासून सुरू होईल असा प्रयोग केला, आणि २०२० च्या जानेवारीअखेर तो जाहीर केला. लोक हसले, पण त्यांतले मर्म ध्यानी घेण्यासारखे होते. मागच्याचा भोंगा हा कायद्याचा हुकूम नव्हे.

चालकांना उपदेश करून प्रशासनास मोकळे सोडणे मात्र अन्यायाचे होईल. एका बाजूस लाल लागल्यावर दुसऱ्या बाजूस हिरवा लागण्यापूर्वी चौक रिकामा होण्याइतका अवधी चारही बाजूंस लाल राहिला पाहिजे. पादचाऱ्याचा वेळ धडधाकट तरुणाच्या चालीवर नव्हे, काठी टेकीत जाणाऱ्या आजीबाईंच्या चालीवर बेतला पाहिजे. पुसट झालेले झेब्रा पट्टे रंगविणे आणि दिव्यांवर आलेल्या फांद्या छाटणे यांसाठी कोणत्याही समितीची आवश्यकता नाही. आणि दहा मिनिटांत किराणा घरपोच देण्याची जाहिरात करणाऱ्यांनी त्या मिनिटांची किंमत दुचाकीवरचा पोरगा चौकात कशी मोजतो, याचा जाब दिला पाहिजे. ती मिनिटे मागणारे ग्राहक आपणच आहोत, हेही आपण विसरू नये.

लाल दिव्यावर थांबणे हे कायद्याचे पालन झाले. ते न करणाऱ्यास शासन झालेच पाहिजे. हिरव्या दिव्यावर क्षणभर सावरून पाहणे हे नागरिकत्वाचे लक्षण आहे, आणि ते कोणत्याही पोलिसाला दंडाची पावती फाडून शिकविता येणार नाही. उद्या सकाळी कचेरीस निघताना आमच्या वाचकांनी पहिल्याच चौकापासून त्याचा आरंभ करावा, एवढीच आमची विनंती आहे.