गोम की वाणी?

आमच्या नाशकात पावसाळा सरून दिवाळीची झाडलोट सुरू झाली, की मोरीच्या कोपऱ्यातून आणि तुळशीच्या कुंडीखालून पुष्कळ पायांचे पाहुणे बाहेर पडतात. मग घरोघर एकच आरोळी उठते, "अगं बाई, गोम!" आणि चपला सरसावतात. माझे म्हणणे एवढेच, की शिक्षेआधी आरोपीची ओळख परेड तरी व्हावी!

पहिली खूण चालीची. गोम अंगाने चपटी, पाय दोहों बाजूंना फाकलेले, आणि धावते अशी की नजर ठरत नाही. वाणी मात्र पेन्सिलीसारखी गोल, चाल संथ. काडी लावली की वेटोळे करून नाण्यासारखी पडून राहते. म्हणून तर काही जण तिला 'पैसा' म्हणतात.

दुसरी खूण पायांची. गोमेच्या अंगाच्या दर पेराला पायांची एक जोडी, तर वाणीच्या बहुतेक पेरांना दोन-दोन. गंमत अशी, की मोठ्या गोमेच्या जोड्या नेहमी विषम असतात, १५, २१ अशा. म्हणजे 'शतपाद' म्हणवणाऱ्या या बाईंचे पाय नेमके शंभर कधीच भरत नाहीत! 'सहस्रपाद' वाणीची अब्रू मात्र ऑस्ट्रेलियातल्या एका जातीने राखली. तिचे १,३०६ पाय मोजले गेल्याचे २०२१ साली जाहीर झाले.

पण यातली खरी गोम पुढेच आहे. गोमेच्या पुढच्या पायांच्या विषारी नांग्या झालेल्या असतात. ती चावली तर जागा साबणाने धुवावी, गार पाण्याची घडी ठेवावी. मूल लहान असेल, सूज पसरू लागली किंवा श्वास अडखळला, तर घरगुती लेपांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. वाणी चावत नाही, पण तिच्या अंगातून सुटणारा उग्र रस डोळ्यांना झोंबतो. तिला हाताळलेल्या मुलाचे हात आधी धुवावेत.

दोघींचे उपकारही आहेत. गोम झुरळे फस्त करते, वाणी पालापाचोळ्याचे खत करते. मात्र पेरणीनंतर सोयाबीन-कपाशीचे कोवळे कोंब ती कुरतडते, तेव्हा शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे.

दोघींनाही ओल हवी. कुंड्यांच्या जागा बदला, रद्दी हलवा, मोरीला जाळी लावा. मी एक रिकामा डबा आणि पुठ्ठ्याचा तुकडा मोरीजवळच ठेवतो. वाणी त्यात बसून बागेत जाते. गोमेला मात्र मी कधी हात लावीत नाही, आणि मुलांनाही लावू देत नाही.