"तुम्ही काठावर थांबा, आम्ही मासे आणतो"

मैत्रिणींनो, हे वाक्य कुणा परक्या पुरुषाचे नाही, आपल्याच गटातले आहे. मागच्या हिवाळ्यात आम्ही बोळिंजच्या बायका होडीतून फिरायला निघालो. होडीत चढायचे तर गुडघाभर पाण्यात उतरायचे, मग कठड्यावर पाय टाकायचा. चाकाच्या खुर्चीतल्या आमच्या ताईंना कोणीतरी हे ऐकवले. प्रेमानेच! ताई म्हणाल्या, "मासे बाजारातही मिळतात. मला खाडी बघायची होती."

दोन पुरुषांनी उचलून ठेवायची तयारी दाखवली होती. त्यांनी नकार दिला, तर "फार मानी आहे" अशी कुजबुज झाली. स्वतःच्या शरीराला कोण हात लावणार हे बाईने ठरवायचे, असे आपण वीस वर्षे शिबिरांतून सांगतो. ते चालणाऱ्या बाईपुरतेच होते काय?

नंतर बैठकीत मी विषय काढला तर उत्तर आले, "हिंसाचाराच्या केसेस पडल्या आहेत आणि तुम्हाला सहली सुचतात." अपंग बाईने दवाखाना मागावा, पेन्शन मागावी, मौज मागितली की ती चैन! २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २९ करमणुकीत बरोबरीने भाग घेण्याचा हक्क मानते, कलम ४१ प्रवासाच्या साधनांबद्दल बोलते. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितले की सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक नव्हेत, बंधनकारक हवेत. इंग्लंडात मालवाहतुकीसाठी खोदलेल्या जुन्या, अरुंद कालव्यांवरही आज खुर्चीसाठी लिफ्ट बसवलेल्या होड्या चालतात. आपल्याकडे साधी फळी टाकायलाही कोणाला सुचत नाही.

आणि हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. डोक्यावर मासळीच्या पाट्या वाहिलेल्या कोळणी, पहाटेच्या गाडीने दादरला फुले-भाजी नेणाऱ्या वसईच्या बायका, यांचे गुडघे साठीला काय म्हणतात ते विचारा.

एप्रिल २०२५ मध्ये मारंबळपाडा ते जलसार रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याने साठेक किलोमीटरचा वळसा, वैतरणा खाडीतून पंधरा मिनिटे. आम्ही ताईंना घेऊन गेलो. उतार तीव्र होता, दोघींनी खुर्ची मागून धरली, पण उचलावे लागले नाही. तो उतार ताईंसाठी बांधलेला नव्हता, मोटारसायकलींसाठी होता. गाडीला जो मान आपसूक मिळाला, तो बाईला तिच्या आडोशाने मिळाला! आम्ही गाड्यांच्या मधेच उभ्या राहिलो. ताई सगळा वेळ पाण्याकडे बघत होत्या, कोणाशी बोलल्या नाहीत.

पलीकडे एका मैत्रिणीच्या अंगणात तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचे कालवण जेवलो. घराला तीन पायऱ्या, म्हणून सगळ्यांचीच ताटे बाहेर आली. ताईंनी कालवण दोनदा घेतले. पाणी मात्र सकाळपासून घोटभरच. वाटेत खुर्ची आत जाईल असे संडास कुठे भेटेल याची खात्री नव्हती.

पुढच्या शिबिराची जागा ठरवायला याच महिन्यात बैठक आहे. तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही.