फी भरणाऱ्याने बाहेर बसावे

‘समुपदेशन’ या शब्दानेच थोडा घोटाळा करून ठेवला आहे. त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसला आहे, आणि उपदेशाची आपल्या घरांत कधीच टंचाई नव्हती. जेवताना वडिलांकडून, लग्नकार्यात मामा-आत्यांकडून, गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थाकडूनसुद्धा तो फुकट आणि भरपूर मिळतो. मग त्याच मालासाठी तासाला हजार रुपये कशाला मोजायचे, असे कोणी विचारले तर त्याला दोष देता येत नाही. काही जण मात्र हे पैसे आनंदाने मोजतात. आपण सांगून मुलगा ऐकत नाही, तेव्हा आपलेच म्हणणे एखाद्या पदवीधराच्या तोंडून त्याच्या कानी घालावे, असा त्यांचा हिशेब असतो. फसगत दोघांचीही होते, पण या दुसऱ्या मंडळींना ती अधिक महाग पडते.

समुपदेशक सहसा उपदेश करीत नाही. तो विचारतो, ऐकतो आणि आपल्याच बोलण्यातली गाठ आपल्याला दाखवतो. पद्धती अनेक आहेत. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धती आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचे सूत्र बँकेतल्या माणसाला चटकन कळते. बढतीची यादी लागली आणि आपले नाव नाही, याचे वाईट सगळ्यांनाच वाटते. पण ‘बढती मिळाली तर बरे’ असे मनात असलेला माणूस चार दिवसांत सावरतो आणि ‘मिळालीच पाहिजे होती’ असे धरून बसलेला निवृत्तीच्या दिवसापर्यंत कुढत राहतो. अशी माणसे मी जवळून पाहिली आहेत. हा ‘च’ सोडवायला वेळ लागतो, घरी करायचा अभ्यास लागतो, आणि तो अभ्यास ज्याचा त्यानेच करावा लागतो.

आता पाटी कोणाची आहे, ते पाहू. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. औषध तोच देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक बहुधा मानसशास्त्राचा वा समाजकार्याचा पदव्युत्तर पदवीधर असतो, निदान असावा. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला, त्यात मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांचाही विचार आहे. तरीही आठवडाअखेरचे शिबिर करून आलेला आणि दहा वर्षे तालमीत तयार झालेला, दोघांच्या पाट्या रस्त्यावरून सारख्याच दिसतात. तेव्हा विचारावे. शिक्षण कुठे झाले? कोणाच्या देखरेखीखाली काम केले? औषधाची गरज वाटली तर कोणाकडे पाठवता? पाच हजारांच्या मुदत ठेवीसाठी काउंटरवर पाऊण तास चौकशी करणारे आपण मन उघडण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला संकोचतो. चांगला समुपदेशक या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल त्याची फी वाचली म्हणायचे.

आपल्याकडे आणखी एक सवय आहे, ती ओळखीची. पूर्वी बचत खाते उघडायलासुद्धा जुन्या खातेदाराची ओळख लागे. इथे हा नियम उलटा करावा. ‘आमच्या वहिनींची मैत्रीण समुपदेशक आहे, घरच्यासारखी आहे,’ असे कोणी म्हणाले की ते नाव वहीतून काढून टाकावे. जी आपल्या मुंजीला आली होती आणि पुढच्या बारशालाही येणार आहे, तिच्यासमोर माणूस खरे कसे बोलणार? व्यवसायाचा शिष्टाचार जाणणारे लोक नातलगांना आणि मित्रांना स्वतः घेत नाहीत, दुसऱ्याकडे पाठवतात.

खरा प्रश्न गुप्ततेचा आहे आणि तो बहुतेक वेळा घरातच बिघडतो. बँकेत रुजू होताना आमच्याकडून निष्ठा आणि गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही घेत. खातेदाराचा सख्खा भाऊ काउंटरवर आला तरी शिल्लक सांगायची नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवले जाई. मनाच्या खात्याला मात्र घरात सगळेच संयुक्त खातेदार! मुलगी खोलीतून बाहेर आली की आई विचारते, ‘काय म्हणाल्या?’ वडील आणखी पुढे जाऊन संध्याकाळी परस्पर फोन करतात: ‘फी मी भरतो, मला कळायला नको?’

नको. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गुप्ततेचा हक्क दिला आहे. त्याला अपवाद आहेत. कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाने मागितले, तर माहिती द्यावी लागते. वडिलांच्या खिशातून पैसे गेले, हा अपवाद त्यांत नाही. मूल अठरा वर्षांच्या आतले असेल तर पालकांना अंधारात ठेवता येत नाही, हे खरे; पण त्यांना काय सांगायचे आणि काय नाही, हे पहिल्याच भेटीत, मुलासमोर ठरवून घ्यावे. याच भेटीत बाकीचेही विचारून टाकावे. टिपणे कुठे ठेवता? साधारण किती भेटी लागतील? भेट चुकली तर फी पडते का? फोनवरून बोलायचे असेल तर कुठे बसून बोलायचे, हे आपले आपणच पाहायचे. दोन खोल्यांच्या घरात ते जमत नाही, म्हणून गच्चीत किंवा इमारतीखाली उभ्या केलेल्या गाडीत बसून बोलणारी मुले मला माहीत आहेत.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग असतो. २०२२च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या सरकारी ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे मराठीतून बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. जीव नकोसा झाल्याची भाषा घरात कोणी करीत असेल तर भेटीची तारीख मिळेपर्यंत थांबू नये, त्याला एकटे ठेवू नये, सरळ रुग्णालय गाठावे.

आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो. गुण येऊ लागला की घरच्यांना तो कधी कधी बिघाड वाटतो. आतापर्यंत मान खाली घालून ‘हो’ म्हणणारे माणूस एक दिवस ‘नाही’ म्हणते. परिचयातल्या एका गृहस्थांची सव्वीस वर्षांची मुलगी नोकरी सोडून महिनोन् महिने खोलीत पडून असे. पाचव्या-सहाव्या भेटीनंतर तिने जेवणाच्या टेबलावर वडिलांना सांगितले की ज्या शाखेला तिला घातले, ती तिला कधीच नको होती. गृहस्थांनी रात्री मला फोन केला. ‘पैसे देऊन घरात भांडण आणले हो,’ म्हणाले. पुढच्या भेटीचे पैसे द्यायचे नाहीत, असे त्यांनी जवळजवळ ठरवले होते.

मी विचारले, ‘याआधी ती तुमच्याशी शेवटचे केव्हा बोलली होती?’

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘दिवाळीत. चार्जर कुठे आहे, म्हणून.’