‘तुम क्या लोगे?’ मान दिला, पण पोचला का?



1971 साली डॉ. शां. ब. मुजुमदारांनी सिंबायोसिस सुरू केली, ती परदेशी विद्यार्थ्यांचे हाल बघून. आज तिचं विद्यापीठ आपल्या लवळ्याच्या डोंगरावर आहे, फ्लेमही इथेच. म्हणजे गल्ल्यासमोर लखनौचं, पाटण्याचं गिऱ्हाईक येणारच.

हिंदी बोलताना आपण मराठीतल्या ‘तुम्ही’चं सरळ ‘तुम’ करतो. मनात मानच असतो. पण तिकडे अनोळखी किंवा मोठ्या माणसाला ‘आप’ म्हणतात. ‘तुम’ बरोबरीच्याला नाहीतर लहानाला. मुलाला सोडायला आलेल्या वडिलांना ‘तुम क्या लोगे?’ विचारलं, की त्यांना आपण उर्मट वाटतो. ते भांडत नाहीत. पुढच्या वेळी शेजारच्या दुकानात जातात. आपल्याला कारणही कळत नाही.

उलटंही होतं. मित्रांकडून मराठी शिकलेलं पोरगं काकांना ‘तू दे ना’ म्हणतं. तापू नका. हसून ‘तुम्ही’ शिकवा, ते कायमचं गिऱ्हाईक होईल.

माझं मत विचाराल तर इंग्रजी बोलायचा क्लास नंतर लावा. उद्या दुकान उघडल्यावर आधी ‘आप क्या लेंगे?’ म्हणून बघा, आणि काउंटरवरच्या पोरालाही शिकवा.