आधी लेकरांची पोटगी

पोटगीचा हुकूम हातात पडला की लढाई संपली, असे ज्यांनी ती लढलेली नाही त्यांनाच वाटते. खरी दमछाक त्यानंतर सुरू होते. महिने थकतात. वसुलीचा अर्ज करावा लागतो. नोटीस ‘सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येते. वॉरंट निघते आणि पोलीस ठाण्याच्या फायलीत पडून राहते. नोकरी सुटल्याचे सांगितले जाते, जमीन भावाच्या नावावर निघते, दुकान आईच्या. रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर फौजदारी वॉरंटाची वाटही बंद होते. मुलांची फी, वह्या-पुस्तके, दवाखाना मात्र कोणत्याही तारखेची वाट पाहत नाही. तो भार आई उचलते आणि तिच्यामागे तिचे माहेर.

याच काळात त्या माणसाच्या खात्यावर एकरकमी पैसा येऊ शकतो. आयुर्विम्याची पॉलिसी मुदतपूर्ण होते, मोटार अपघाताच्या दाव्यात तडजोड होते, जळालेल्या दुकानाचा किंवा चोरीला गेलेल्या गाडीचा दावा मंजूर होतो. विमा कंपनी त्याचे पॅन तपासते, बँक खाते पडताळते, कर कापायचा असेल तर कापते आणि उरलेली रक्कम वळती करते. या माणसाच्या नावावर लेकरांची पोटगी थकली आहे का, एवढे मात्र कुणीच विचारत नाही. तो प्रश्न विचारणे कायद्याने बंधनकारक करावे आणि उत्तर ‘होय’ आले तर थकबाकी आधी वळती व्हावी, अशी आमची मागणी आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेने १९७५ साली बालपोटगी वसुलीचा देशव्यापी कार्यक्रम उभा केला. पगारातून कपात, कर-परताव्यातून वळती, अडीच हजार डॉलरच्या वर थकबाकी गेली की पासपोर्टला नकार, असे एकेक साधन त्यात येत गेले. पगार नसलेल्या किंवा पगार लपवणाऱ्या बापापर्यंत पोचायचे, तर विम्याच्या पैशाकडे पाहणे ओघानेच आले. मॅसॅच्युसेट्समध्ये पाचशे डॉलर किंवा त्याहून मोठी एकरकमी रक्कम देण्यापूर्वी विमा कंपनीने राज्याच्या वसुली यंत्रणेकडे नाव पडताळून घ्यायचे असते. ऱ्होड आयलंडने ही मर्यादा तीन हजार डॉलर ठेवली. न्यू जर्सीत खर्च वजा जाता दोन हजार डॉलरहून अधिक रक्कम अशिलाच्या हाती देण्याआधी त्याच्या नावावर पोटगीचा निवाडा आहे का, हे वकिलाने शोधायचे असते. २००५च्या ‘डेफिसिट रिडक्शन ॲक्ट’ने तर थकबाकीदारांची यादी आणि विमा दाव्यांची माहिती ताडून पाहण्याचा अधिकार केंद्रीय खात्याला दिला.

आपल्याकडे काय स्थिती आहे? दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० कोणती मालमत्ता जप्त करता येणार नाही ते सांगते. हत्यारे-अवजारे, स्वयंपाकाची भांडी, शेतकऱ्याची गुरे या रास्त यादीत १९७६च्या दुरुस्तीने आणखी एक नोंद आली: ऋणकोच्या आयुर्विम्यापोटी मिळणारी सगळी रक्कम. सावकाराचे देणे असो की पोटच्या पोराची पोटगी, ही नोंद दोघांत फरक करत नाही. याच कलमात पगाराच्या बाबतीत मात्र हा फरक नेमका केलेला आहे. इतर देण्यांसाठी पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित राहतो; पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी केवळ एक-तृतीयांश. म्हणजे पगाराचा मोठा हिस्सा मुलांसाठी घेता येतो, हे संसदेने मान्य केले आहे. मग ज्या नुकसानभरपाईत बुडालेल्या कमाईची किंमत धरलेली असते, तिलाही तोच न्याय का नको? तरीही १९२३च्या कामगार भरपाई कायद्याने त्याखाली मिळणारी रक्कम जप्तीच्या पूर्णपणे बाहेर ठेवली होती.

विम्याला हे कवच का मिळाले, तेही आठवावे. १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याच्या सहाव्या कलमाने सांगितले की नवऱ्याने बायको-मुलांच्या नावे काढलेली पॉलिसी हा त्यांचा विश्वस्तनिधी आहे आणि नवऱ्याच्या धनकोंना त्याला हात लावता येणार नाही. कर्त्या माणसाच्या कर्जापायी कुटुंब उघडे पडू नये, ही त्यामागची माया होती. दीडशे वर्षांनी त्याच कुटुंबाने हक्काचे पैसे मागितले, तर त्याच्याविरुद्धही विम्याचे कवच उभे राहते. हे कायद्याच्या हेतूशीच विसंगत आहे आणि दुरुस्तीची गरज सर्वांत आधी इथे आहे. पोटगीच्या हुकूमनाम्यापुरता या नोंदीला अपवाद करायला एक वाक्य पुरेल. दिवाणी प्रक्रिया समवर्ती सूचीत असल्याने महाराष्ट्र विधिमंडळालाही राष्ट्रपतींच्या संमतीने ही दुरुस्ती करता येईल.

याच कायद्यांमध्ये एक दार अर्धवट उघडे आहे, आणि त्याच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५च्या कायद्यात कलम २० चे सहावे पोटकलम आहे. प्रतिवादीने आर्थिक साहाय्याची रक्कम चुकवली, तर त्याच्या मालकाला किंवा त्याला देणे लागणाऱ्या व्यक्तीला दंडाधिकारी थेट आदेश देऊ शकतात: ही रक्कम पीडित स्त्रीला द्या, नाहीतर न्यायालयात भरा. दावा मंजूर केलेली विमा कंपनी ही त्या माणसाला देणे लागणारीच असते. निदान अपघात, आग आणि वाहन विम्याच्या दाव्यांसाठी तरी हा आदेश आजच्या आज मागता येईल.

मग तो का मागितला जात नाही? कारण दावा मंजूर झाल्याचे त्या बाईला कळत नाही. कोणत्या कंपनीकडे, किती रकमेचा, कोणत्या जिल्ह्यात, हे तिने कुठून शोधायचे? संगमनेरला १९८८ साली परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्या पोटगीच्या वसुलीचे हेच दुखणे मांडत आल्या आहेत. नवऱ्याची मिळकत शोधण्याचे काम सगळ्यात कमी साधने असलेल्या व्यक्तीवर टाकले जाते. सरकार स्वतःच्या वसुलीसाठी असे करत नाही. १९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २२६ ने कर अधिकाऱ्याला थकबाकीदाराच्या देणेकऱ्यालाच नोटीस पाठवून परस्पर पैसे घेण्याचा अधिकार दिला, आणि पॅनच्या आधारे माहिती मिळवण्याची यंत्रणाही दिली. पोटगीच्या वसुलीला यातला अधिकार तुकड्या-तुकड्यांनी मिळाला. माहिती मिळालीच नाही.

न्यायालयांनी तत्त्वाच्या बाजूने कसूर ठेवलेली नाही. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक केले, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले आणि तिची वसुली दिवाणी हुकूमनाम्यासारखी करता येईल हे स्पष्ट केले. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने थकीत पोटगीचा हक्क तारण घेतलेल्या धनकोंच्याही आधी येतो, असे म्हटले. बँकेच्या आधी ज्याचा हक्क, त्याला विमा कंपनीच्या खिडकीवर रांगेत जागाच नसावी, हे पटणारे नाही. थकलेल्या महिन्यांसाठी तुरुंगवासाची तरतूद आहेच, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. पण तुरुंगात जाऊन आल्याने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले आहे. बाप महिनाभर आत गेला, म्हणून घरात धान्य येत नाही.

या उपायाला होणारे आक्षेप आम्ही हलके मानत नाही. अपघातात पाय गमावलेल्या माणसाच्या भरपाईला हात लावायचा का? उपचार, शस्त्रक्रिया, कृत्रिम अवयव आणि शुश्रूषेचा खर्च यांना एक रुपयाचाही धक्का लागता कामा नये. अमेरिकेतल्या राज्यांनीही वैद्यकीय देणी आणि वकिलाचा खर्च वगळूनच उरलेली रक्कम हिशेबात धरली आहे. अपघात न्यायाधिकरणाच्या निवाड्यात उपचार, वेदना आणि बुडालेली कमाई असे भाग वेगळे मांडलेले असतात. त्यातल्या कमाईच्या भागातूनच, आणि तोही ठरलेल्या टक्केवारीपर्यंतच, वळती व्हावी. पीकविमा यातून पूर्ण बाहेर ठेवावा. मराठवाड्यात किंवा विदर्भात विम्याचे जे काही हजार मिळतात, ते पुढच्या पेरणीत जातात. ते काढून घेतले तर पुढच्या वर्षीची पोटगीही बुडते.

अमेरिकेच्या अनुभवातला इशाराही घ्यायला हवा. अर्बन इन्स्टिट्यूटने २००७ साली नऊ राज्यांतल्या थकबाकीचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे सत्तर टक्के थकबाकी ही ज्यांचे नोंदलेले वार्षिक उत्पन्न दहा हजार डॉलर किंवा त्याहून कमी होते अशांच्या नावावर निघाली. ऐपतीबाहेरचे हुकूम, एकदा साचले की मागे जाऊन कमी न होणारे आकडे आणि त्यात भर म्हणजे वसूल झालेल्या रकमेचा काही भाग मुलांना न मिळता त्यांच्या आईला दिलेल्या सरकारी मदतीची भरपाई म्हणून तिजोरीत जाणे. यातला शेवटचा प्रकार आपल्याकडे कधीही येऊ देऊ नये. वळती झालेला प्रत्येक रुपया मुलांच्या खात्यावर गेला पाहिजे. नोकरी खरोखर गेली असेल, तर पोटगी कमी करण्याचा अर्ज लवकर निकाली निघाला पाहिजे. ती सोय कायद्यात आहे, तिच्या तारखा मात्र लांबतात. ज्याच्याकडे काही नाही त्याला पिळण्यासाठी हे साधन नाही. पैसा असून न देणाऱ्यांसाठी ते आहे.

नाव चुकण्याची भीती रास्त आहे. एकाच नावाची, एकाच आडनावाची माणसे एका तालुक्यात डझनावारी असतात. म्हणून पडताळणी पॅनवरच व्हावी, आणि विमा कंपनीला कुटुंबाच्या भांडणाचा तपशील न कळता थकबाकी आहे की नाही आणि किती, एवढेच कळावे. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या चौकटीत हे बसवता येते. हरकत घेणाऱ्याची रक्कम थेट वाटू नये, न्यायालयात जमा राहावी आणि सुनावणी ठरलेल्या मुदतीत व्हावी. पडताळणीच्या नावाखाली इतरांचे दावे रखडवण्याची मुभाही कंपन्यांना मिळता कामा नये.

यंत्रणा शून्यातून उभारायची नाही. विमा नियामकाने २००९ साली विमा माहिती ब्यूरो स्थापन केला, त्याच्याकडे दाव्यांची माहिती जमते. न्यायालयांचे खटले राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर नोंदलेले आहेत. कमतरता आहे ती थकीत पोटगीच्या नोंदवहीची. मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या कौटुंबिक न्यायालयांपुरती अशी नोंदवही सुरू करावी, तिच्यात वसुलीचा अर्ज दाखल होताच नोंद व्हावी आणि पैसे भरताच ती निघावी. विधिमंडळाने कलम ६० मधला अपवाद हिवाळी अधिवेशनात मांडावा. आणि मोटार अपघात न्यायाधिकरणांना तर कोणत्याही दुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही: तडजोडीच्या अर्जासोबत ‘माझ्याविरुद्ध पोटगीचा आदेश आहे किंवा नाही, असल्यास थकबाकी इतकी’ असे एका ओळीचे प्रतिज्ञापत्र अर्जदाराकडून पुढच्या लोकअदालतीपासूनच घेता येईल.