नवी बोट घेताय? ताबा घेण्याआधीची 'सी ट्रायल' इतकी महत्त्वाची का असते

18 डिसेंबर 2024 ची दुपार. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक स्पीडबोट येऊन आदळली आणि 15 जणांचा जीव गेला. ती स्पीडबोट गस्तीवर नव्हती, कुणाचा पाठलागही करत नव्हती. तिच्या इंजिनाची चाचणी सुरू होती. इंजिनात बिघाड झाल्याने तिच्यावरचा ताबा सुटला, असं नौदलाने त्याच दिवशी सांगितलं. बोटीवर नौदलाच्या कर्मचाऱ्यांसोबत इंजिन पुरवणाऱ्या कंपनीची माणसंही होती.

'इंजिनाची चाचणी' हे शब्द तेव्हा बातम्यांमधून येऊन गेले आणि विसरलेही गेले. पण पाण्यात चाचणी फक्त नौदल घेत नाही. अलिबागच्या घरी ये-जा करण्यासाठी स्पीडबोट घेणारा मुंबईकर असो की मालवण-कळंगुटला वॉटर स्पोर्ट्ससाठी बोट घेणारा व्यावसायिक, नवी बोट ताब्यात घेण्याआधी ती पाण्यात चालवून पाहावी लागते. यालाच 'सी ट्रायल' म्हणतात. पुष्कळदा तिचं स्वरूप असं असतं: जेट्टीसमोर दोन चकरा, चार फोटो, एक रील आणि डिलिव्हरीच्या कागदावर सही.

या सहीची किंमत बरीच मोठी आहे.

कारची टेस्ट ड्राइव्ह आणि बोटीची चाचणी यात फरक काय?

कार कारखान्यातून पूर्ण तयार होऊन येते. शोरूममधली टेस्ट ड्राइव्हची गाडी आणि तुमच्या दारात येणारी गाडी यात फारसा फरक नसतो. बोटीचं तसं नाही. एकाच सांगाड्यावर वेगवेगळ्या ताकदीची इंजिनं बसतात. इंजिन एका कंपनीचं, सांगाडा दुसऱ्या कंपनीचा, सुकाणूची यंत्रणा तिसऱ्याची. हे सगळं जोडायचं काम अनेकदा विक्रेत्याच्या यार्डात होतं. इंजिन किती उंचीवर बसवलं, इंधनाची नळी कशी फिरवली, वायरिंग कुठून नेलं, यात प्रत्येक बोट वेगळी निघते. म्हणजे त्याच मॉडेलची दुसरी बोट उत्तम चालते, हा तुमच्या बोटीचा पुरावा होत नाही.

मग पाण्यात बघायचं काय?

सगळ्यात बोलका आकडा वेगाचा नसतो, आरपीएमचा असतो. प्रत्येक इंजिनाचा उत्पादक पूर्ण थ्रॉटलला इंजिन किती आरपीएमवर फिरायला हवं याची मर्यादा देतो. 150 हॉर्सपॉवरच्या अनेक आउटबोर्ड इंजिनांसाठी ती 5000 ते 6000 च्या दरम्यान असते. बोट पूर्ण वेगात असताना काटा 4500 वरच अडकला, तर इंजिनावर झेपत नाही इतका भार आहे, बहुधा पंख्याचा पिच जास्त आहे. काटा मर्यादेच्या वर गेला तर पिच कमी आहे. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात तत्त्वतः किती अंतर पुढे जाईल ते माप. त्यात एक इंचाचा बदल केला की आरपीएम साधारण 150 ते 200 ने बदलतो. पंखा बदलणं हे किरकोळ काम आहे. पण चुकीच्या पंख्यावर बोट वर्षभर चालवली तर इंजिनाचं आयुष्य खाल्लं जातं, आणि तेव्हा विक्रेता म्हणतो की तुम्ही बोट नीट वापरली नाही.

इथे एक अडचण आहे. नवं कोरं इंजिन पहिल्या तासातच पूर्ण थ्रॉटलला ताणायचं नसतं. बहुतेक आउटबोर्डमध्ये पहिले सुमारे 10 तास 'ब्रेक-इन'चे असतात आणि त्यात वेग कसा वाढवायचा ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. त्यामुळे 'इंजिन नवं आहे, आत्ता फास्ट नको' हे विक्रेत्याचं म्हणणं खोटं नसतं, पण ते त्याच्या सोयीचं असतं. यावर उपाय म्हणजे चाचणी दोन टप्प्यांत ठरवायची. सुरुवातीचे तास विक्रेत्याच्या माणसासोबत हळू चालवायचे, त्यानंतर मॅन्युअलच्या मर्यादेत पूर्ण वेग, आणि ताबा त्याच्यानंतर.

दुसरी गोष्ट वजनाची. रिकाम्या टाकीची बोट, वर दोन माणसं, मग ती बाणासारखी सुटणारच. सहा माणसं आणि 200 लिटर पेट्रोल धरलं तर जवळपास 600 किलो वाढतात. तेवढं वजन घेऊन बोट पाण्यावर उचलली जाते का, पुढचा भाग घोड्यासारखा वरखाली उसळत राहतो का, एका बाजूला कलते का, हे बघायला हवं. माणसं मिळत नसतील तर पाण्याचे कॅन चालतात. एक लिटरला एक किलो.

वेग मोजायचा तो जीपीएसवर आणि दोन्ही दिशांनी. भरती-ओहोटीच्या खाडीत एकाच दिशेचा आकडा फसवतो. प्रवाह सोबत असला की बोट जोरात आहे असं वाटतं.

वेळही महत्त्वाची आहे. आपल्या किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर सकाळी समुद्र बऱ्याचदा शांत असतो आणि दुपारनंतर वारा चढतो. विक्रेता सकाळी आठची वेळ देत असेल तर दुपारची मागावी. थोड्या लाटांमध्ये बोट आपटते कशी, पाणी आत येतं का, सांध्यातून आवाज येतो का, हे काचेसारख्या पाण्यात कळत नाही. परत आल्यावर तळाची फळी उचलून पाहावं, की निघताना कोरडं असलेलं आता ओलं तर नाही. आउटबोर्डच्या मागून थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार सतत पडत होती ना, तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप खरंच पाणी फेकतो का, रिव्हर्स लगेच पडतो का, सुकाणू दोन्ही बाजूंना टोकापर्यंत सारखं फिरतं का, हे सगळं कोणत्याही अनुभवी तांडेलाच्या नजरेला दहा मिनिटांत दिसतं. स्वतःला जमत नसेल तर असा माणूस सोबत न्यावा. विक्रेत्याचा नव्हे, आपला.

आयात बोटींवर युरोपीय नियमांप्रमाणे ए, बी, सी, डी असा वर्ग लिहिलेली पट्टी असते. सी म्हणजे दोन मीटरपर्यंतच्या लाटा, डी म्हणजे जेमतेम 0.3 मीटर, थोडक्यात तलाव आणि शांत नदी. डी वर्गाची बोट घेऊन मांडव्याला जायचं स्वप्न असेल तर चाचणीपर्यंत जायचीही गरज नाही.

सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र असताना चाचणी कशाला?

अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 नुसार त्याच्या कक्षेतल्या यांत्रिक बोटींना सर्वेक्षण आणि नोंदणी लागते. महाराष्ट्रात मेरीटाइम बोर्ड आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स ही कामं बघतात. पण प्रमाणपत्र सांगतं की बोट नियमांत बसते. विक्रेत्याने कबूल केलेला वेग, इंधनाचा खर्च आणि प्रवासी क्षमता तिच्यात आहे की नाही, हे सांगणं त्या प्रमाणपत्राचं काम नाही.

खरा पेच कायद्यात दुसरीकडेच आहे. वस्तू विक्री कायदा, 1930 च्या कलम 41 नुसार, आधी न तपासलेला माल हाती आला तरी तो तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो 'स्वीकारला' असं धरलं जात नाही. कलम 42 म्हणतं की त्याने तसं कळवलं किंवा वाजवी वेळ उलटूनही नाकारलं नाही, तर माल स्वीकारला. आणि कलम 13 प्रमाणे एकदा स्वीकारला की, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, अट मोडली तरी सहसा माल परत करता येत नाही. फक्त नुकसानभरपाई मागता येते. 'बोट पाहिली, समाधानकारक आहे' ही ओळ म्हणूनच इतकी महाग पडते. ती लिहिण्याआधी तुमच्या हातात नकार असतो, नंतर फक्त तक्रार.

धंद्यासाठी बोट घेणाऱ्यांची स्थिती आणखी नाजूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूच्या खरेदीदाराला ग्राहक मानत नाही. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर सवलत आहे. म्हणजे स्वतः एक बोट चालवणारा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, पाच बोटींचा मालक बहुधा नाही.

त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून क्रीडा आणि विहाराच्या बोटींवरचा जीएसटी 40 टक्के झाला. आधी तो 28 टक्के होता, वर उपकर. 30 लाखांच्या बोटीवर आता 12 लाख फक्त करात जातात.

चाचणीचा धोका कुणाच्या डोक्यावर?

नवी बोट, न रुळलेलं इंजिन, नुकतीच जोडलेली यंत्रणा. बिघाड व्हायचाच असेल तर त्याची शक्यता याच वेळी जास्त. म्हणून चाचणीची जागा प्रवासी बोटींच्या मार्गापासून आणि पोहणाऱ्यांपासून लांब हवी. नीलकमलच्या वेळी ती वर्दळीच्या बंदरात होती. एवढं साधं अंतर पाळलं असतं तर इंजिन बिघडूनही कदाचित कुणी मेलं नसतं.

बोटीवरच्या प्रत्येकाने जॅकेट घालायचं, आणि चालवणाऱ्याने किल स्विचची दोरी अंगाला अडकवायची. तो पाण्यात पडला तर इंजिन बंद पडतं. अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांपेक्षा लहान बोटींवर, काही अपवाद वगळता, हा स्विच लावणं चालकाला बंधनकारक आहे. आपल्याकडे तो बऱ्याचदा चावीशेजारी नुसता लोंबकळत असतो. चाचणीची सुरुवात खरं तर याच स्विचपासून व्हावी: जेट्टीलाच दोरी ओढायची आणि इंजिन थांबतं का बघायचं. थांबलं नाही तर बोट बाहेर काढूच नये.

विम्याचं तर कुणी विचारतच नाही. करारात दुसरं काही लिहिलं नसेल तर मालकी ज्याची, जोखीम त्याची, असं वस्तू विक्री कायद्याचं कलम 26 सांगतं. पूर्ण पैसे देऊन मालकी आधीच नावावर झाली असेल, तर चाचणीत खडकावर आदळलेली बोट तुमचीच. त्यामुळे मालकी चाचणी पार पडल्यावरच बदलेल, तोपर्यंतचा विमा विक्रेत्याचा असेल आणि त्यात इतरांच्या जीविताचं नुकसानही धरलेलं असेल, हे बुकिंगच्या दिवशीच लिहून घ्यावं. शेवटचा हप्ता मागे ठेवावा, आणि चाचणीत सापडलेले दोष तिथल्या तिथे कागदावर उतरवून विक्रेत्याची सही घ्यावी.